घाटात राहिलेला प्रश्न

सन्माननीय अध्यक्ष धरणेंद्रअण्णा, व्यासपीठावरील मामलेदारसाहेब, विधानसभेतले आपले आजवरचे सभासद आकारामतात्या आणि समोर जमलेल्या बंधुभगिनींनो,

रहिमतपूर स्टेशनावर ओझी उचलता उचलता मी तीन भाषांतल्या शिव्या शिकलो, भाषण मात्र शिकलो नाही. तरी तात्यांना निरोप देताना गप्प कसं बसावं?

तात्यांनी राजीनामा दिला. उद्या ते सांगलीला लेकीकडे, विजयमालाताईंकडे, कायमचे निघाले. का निघाले? आपल्या दवाखान्यात डॉक्टर नाही, तो कधी मिळणार, हा प्रश्न त्यांनी गेल्या साली विधानसभेत टाकला होता. पुण्याच्या पावसाळी बैठकीत त्याचा नंबर पुकारला गेला, तेव्हा तात्या जागेवर नव्हते. तिथली रीत अशी, की सभासद हजर नसला तर छापील उत्तर मेजावर ठेवतात आणि पुढचा नंबर घेतात. उत्तर होतं, 'तूर्त विचार नाही.' खरी पकड त्या उत्तरावर उभं राहून विचारायच्या उपप्रश्नांत असते. तात्यांनी तीन तयार ठेवले होते. ते खिशातच राहिले.

मग बाजारात जोतीरामनं सगळ्यांदेखत विचारलं, "काय तात्या, पुण्याची गादी लय मऊ हाय व्हय?"

तात्या हसले. "लय मऊ, गड्या. जागच आली न्हाई."

तेव्हापासून 'झोपलेलं मेंबर' हे नाव पडलं. आपल्या बनुबाईंची सून डॉक्टरवाचून बाळंतपणात गेली, तेव्हा तर लोक तात्यांच्या दारावरून मान फिरवून जाऊ लागले.

मंडळी, तात्या झोपले नव्हते. प्रश्नाच्या आदल्या दिवशी याच सभागृहात आपण त्यांचा सत्कार केला. बेत माझा होता. हार घालताना ते माझ्या कानात म्हणाले, "नाना, उद्या माझा प्रश्न हाय. दुपारच्या गाडीनं जाऊ द्या." मी म्हणालो, "आवं, गाडीचं काय घेऊन बसलाय? पहाटं माझी नवी लॉरी हाय की!" आणि सत्तावीस जणांची भाषणं होऊ दिली. सगळ्यांत लांबलेलं माझंच.

पहाटे निघालो. आपल्या जिल्ह्यातल्या खंडाळ्याच्या अलीकडे घाटात लॉरीचा एक्सल तुटला. तात्या पावसात उभे राहून येणाऱ्या प्रत्येक मोटारीला हात करत होते. पुण्यात पोचलो तेव्हा प्रश्नांचा तास संपला होता. दारावरचा पट्टेवाला म्हणाला, "साहेब, नंबर दोनदा पुकारला."

परतताना मीच हात जोडले. "तात्या, लॉरीचं गावात बोलू नका. नवा धंदा हाय." ते म्हणाले, "न्हाई बोलत." दिलेला शब्द त्यांनी आजपर्यंत पाळला. त्या बाजारात मी त्यांच्या शेजारीच उभा होतो. जोतीरामचं बोलणं या कानांनी ऐकलं आणि सुपारी कातरत राहिलो.

धरणेंद्रअण्णा, घंटी वाजवू नका, संपवतोच. तात्या, राजीनामा आता परत येणार नाही, हे मला समजतं. पण उद्या स्टेशनावर तुम्हाला पोचवायला येणाऱ्यांनी खरं काय ते जाणून यावं, एवढ्यासाठी उभा राहिलो.

शाळेनं सभागृह दिलं, तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत, सर्वांचा आभारी आहे. आज बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर ते मनावर घेऊ नका. वर्षभर जे बोललो नाही, त्याबद्दल मात्र तात्यांची आणि बनुबाईंची माफी मागतो.