बूट मोठा होता म्हणून

औषधांच्या कारखान्यात, रांगेतल्या बाईची टाच पावलागणिक बुटातून बोटभर वर येत होती. सामानाच्या खिडकीआडून भांडारवाली ते पाहत होती. सगळे बूट पुरुषी मापाचे तिनेच मागवले होते.

"ताई, बुटातला कापूस काढलास वाटतं?" रांगेतल्या मागच्या बाईने तिला विचारलं.

"कालच. बूट कसला, होडी आहे. कापसाशिवाय पाय बसेना."

"म्हणजे औषधाच्या बाटलीत सापडलेला तंतू..."

"माझ्याच बुटातला. टाच उचलली की कापूस बाहेर यायचा."

"आणि त्यापायी घरी बसवलं बाटल्या भरणाऱ्या अक्कांना. म्हणे टोपी नीट घातली नव्हती."

"तीन दिवस सांगेन म्हणतेय, जीभच रेटत नाही."

"गप्प राहा. नोकरी जाईल तुझी."

"अक्कांची गेलीच ना?"

खिडकी आली. भांडारवालीने विचारलं, "कुठलं माप देऊ?"

"माप राहू दे, बाई. आधी साहेबांना फोन लावा. कापूस मी घातला होता."