उत्तराताईंच्या खोक्यांविषयी थोडं

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष श्रीराम हर्डीकर, खास फिलाडेल्फियाहून गाडी चालवत आलेले आपले पाहुणे विनय आणि शोभा, आजच्या सत्कारमूर्ती उत्तराताई गद्रे आणि त्यांचे यजमान जगन्नाथराव, कार्यकारिणीतले माझे सहकारी, आणि मागे पोह्यांचा वास सुटलेला असूनही खुर्च्या न सोडणाऱ्या माझ्या मैत्रिणींनो, मित्रांनो आणि मुलांनो,

मला भाषणाची सवय नाही. दिवसभर प्रयोगशाळेत काचेच्या नळ्यांशी माझी गाठ, आणि नळ्या टाळ्या वाजवत नाहीत. चार ओळी लिहून आणल्या आहेत, पण बराचसा भाग न बघताच बोलणार आहे. सांभाळून घ्या.

उत्तराताई उद्या सकाळी कॅरी गावी कायमच्या राहायला निघतात. मुलाला, राजीवला, तिकडे नोकरी लागली, नातवंडं तिकडे, तेव्हा त्यांनी जायलाच हवं. पण आपल्या वेस्ट विंडसर गावात असं एक तरी मराठी घर आहे का, ज्याच्या फोनशेजारच्या वहीत पहिला नंबर त्यांचा नाही? मी इथे आले ती एक्क्याऐंशीच्या जानेवारीत. चौथ्या दिवशी फोन आला. "मी उत्तरा. तुला ड्राइव्ह करता येत नाही ना? कोट घालून दारात उभी राहा, मी न्यायला येते." कुठे न्यायला, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. त्या आवाजाला प्रश्न विचारता येत नाहीत, हे जगन्नाथराव तुम्हाला जास्त चांगलं सांगतील.

त्यांनी मला त्यांच्या तळघरात नेलं. तिथे सात-आठ बायका जुन्या कपड्यांचे ढीग घेऊन बसल्या होत्या. आफ्रिकेला कपडे पाठवण्याच्या आपल्या मंडळाच्या कामाशी माझी ती पहिली ओळख. तुमच्यापैकी कितीतरी जणी तिथे बसल्या आहेत. महिन्याचा तिसरा शनिवार. चहा, चिवडा, सुईदोरा. उत्तराताईंचा नियम एकच होता: जे आपल्या मुलाच्या अंगावर घालणार नाही, ते खोक्यात जाणार नाही. धुतलेलं, इस्त्री केलेलं, चेन चालणारी, बटणं पूर्ण. आणि प्रत्येक शर्टाच्या खिशात एका कागदाच्या पुडीत दोन जादा बटणं. पुडीवर त्यांच्या अक्षरात: "दोन बटणं जादा. नीट वापरा. उ."

मी एकदा विचारलं, "ताई, मराठीत कशाला? आफ्रिकेत कोण वाचणार?"

"इंग्रजीत लिहिताना माझा हात अडखळतो गं. आणि बटण कोणालाही कळतं."

माझी दीपा तेव्हा सहा वर्षांची. ती म्हणाली, "उत्तरामावशी, दिस इज सो मच वर्क फॉर ओल्ड क्लोद्ज!" ताईंनी तिच्या हातात सुई दिली आणि म्हणाल्या, "येस. सिट." दीपा बसली. आज ती समोर बसली आहे आणि तिला बटण लावता येतं, ते माझ्यामुळे नव्हे.

अजून एक त्यांचा विनोद सगळ्यांना ठाऊक आहे. "पुण्यात बोहारणीला साडी दिली तर पातेलं तरी मिळायचं. इथे नुसतं पुण्य!" आम्ही दरवेळी हसायचो.

आता मी जे सांगणार आहे ते निरोपाच्या भाषणात सांगतात का, मला माहीत नाही. पण तुमच्या मागे, कॉफीच्या टेबलाशेजारी, बेचाळीस खोकी रचून ठेवलेली आहेत. सोमवारी नऊ वाजता त्यांना न्यायला ट्रक येणार आहे. म्हणून आजच सांगायला हवं.

आमच्या प्रयोगशाळेत डॉक्टर अमोआको म्हणून घानाचे एक गृहस्थ आहेत. दोन वर्षं आम्ही शेजारच्या टेबलांवर काम करतो. अतिशय मितभाषी. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात ते माझ्याकडे आले आणि हातातली एक छोटी पुडी पुढे करून म्हणाले, "माझ्या बहिणीने पाठवली आहे. तिला फार दिवस कुतूहल आहे, ही कुठली लिपी. हिंदी आहे का?"

मी वाचलं. दोन बटणं जादा. नीट वापरा. उ.

त्यांची बहीण अफुआ कुमासी शहरात राहते. तिचं लहान मुलांचे कपडे शिवण्याचं दुकान आहे. पायाने चालवायची पाच मशिनं आणि शिवणाऱ्या सहा मुली. शाळेचे गणवेश, आणि त्याहून जास्त नाताळचे फ्रॉक आणि शर्ट. आपल्याकडे दिवाळीला जसे नवे कपडे लागतात, तसे तिथे नाताळला. त्या एका महिन्यावर तिचं वर्ष चालतं.

आणि तिच्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे, आपले शर्ट विकायला असतात.

हो, विकायला. आपली खोकी ट्रक पाठवून नेतो, त्या बंदराजवळच्या व्यापाऱ्याला मी फोन केला. तो अगदी मोकळेपणाने बोलला. आपली खोकी पुन्हा निवडावी लागत नाहीत, म्हणून ती इतर मालात न मिसळता वेगळी बांधतात. लहान मुलांचे, पहिल्या प्रतीचे. "युवर लेडीज आर द बेस्ट," असं तो मला म्हणाला. तिथल्या बाजारात आपल्या मालाला 'बटणवाले' म्हणून ओळखतात. गठ्ठा फोडायच्या आधीच गिऱ्हाईक लागतं. त्याने आपल्याला कधी खोटं सांगितलं नव्हतं. कपडे आफ्रिकेला जातात, एवढंच तो म्हणाला होता. फुकट जातात, हे आपण आपल्या मनाने धरलं. तो वर्षाला आपल्या मराठी शाळेच्या भाड्याला जो चेक देतो, तो कशाचा, हे आपल्यापैकी एकानेही विचारलं नाही. म्हणजे आपल्यालाही बोहारीण भेटलीच होती की! फक्त तिच्या डोक्यावर टोपलं नव्हतं, ट्रक होता.

तिथले लोक या कपड्यांना 'मेलेल्या गोऱ्या माणसाचे कपडे' म्हणतात. जिवंत माणूस इतके चांगले कपडे टाकून कसा देईल, असं त्यांना वाटतं. आणि आपले तर इस्त्री केलेले.

अफुआच्या सहा मुलींपैकी आता दोन उरल्या आहेत. मागचा नाताळ रिकामा गेला. यंदाचाही तसाच गेला तर ती मशिनं विकणार आहे. समोरच्या दुकानदाराने तिला सांगून ठेवलंय, शिवणं सोड, माझ्याकडे गठ्ठे फोडायला ये. हे सगळं तिने भावाला लिहिलं ते तक्रार म्हणून नाही. तिला फक्त ती लिपी कुठली, एवढंच जाणून घ्यायचं होतं.

श्रीरामराव, तुमची चिठ्ठी मिळाली. "विषय आवरा, पोहे गार होताहेत." आवरते. पोहे पुन्हा गरम करता येतील.

मला कोणी म्हणेल, तिला तिथे विकता येत नसेल तर तिने बाहेर विकावं. स्पर्धा करावी. तिने तेही केलं. अमोआको गेल्या वर्षी तिने शिवलेले फ्रॉक घेऊन एका मोठ्या दुकानाच्या खरेदीवाल्या बाईंना भेटले. बाईंनी शिवण उलटसुलट करून पाहिली, फार कौतुक केलं आणि म्हणाल्या, फेब्रुवारीपर्यंत तीन हजार द्या, सगळे एका मापाचे, हँगरला लावून. अफुआ महिन्याला शंभर-सव्वाशे शिवते, आणि प्रत्येक मुलाचं माप घेऊन. घरच्या बाजारात तिच्यासमोर इतका स्वस्त माल की तिच्या कापडाची किंमतही निघू नये, आणि परक्या बाजारात इतकी मोठी ऑर्डर की तिच्या दारातून आत येऊ नये. मग अशा माणसाने नेमकं कुठे विकायचं?

मागच्या दिवाळीत अमोआकोंनी ते फ्रॉक आपल्या मेळ्यात मांडले होते. आठवतंय? खिडकीजवळचं टेबल. आपण विचारलं, "रंग जाईल का हो?" विचारून पुढे गेलो. आपण म्हणजे मीसुद्धा. त्यांच्या शेजारी दोन वर्षं काम करणारी मी, मीही हातात घेऊन परत ठेवला.

ही पुडी हातात आल्यावर मी तीन आठवडे गप्प राहिले. ताईंचा निरोप होऊन जाऊ दे, असं म्हणत राहिले. खरं सांगायचं तर मला त्यांचा चेहरा बघायचा नव्हता. सहा वर्षं त्यांच्याकडून माया घेतली आणि जाताना त्यांच्या हातावर हे ठेवायचं? शेवटी गेल्या रविवारी कार्यकारिणीत बोलले. ताई पॅकिंगमुळे आल्या नव्हत्या. चर्चा झाली. आपण नाही पाठवलं तर दुसरे पाठवतील, हे कोणीतरी म्हणालं, आणि ते खरं आहे. कुमासीतली आई आपला शर्ट विकत घेते तेव्हा ती काही चूक करत नाही, हेही कोणी म्हणालं, आणि तेही खरं आहे. शाळेच्या भाड्याचं काय, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आजही नाही. यंदाची खोकी जाऊ द्यावीत, पुढचं पुढे बघू, असा ठराव चार विरुद्ध तीन मतांनी झाला. तीनमधली एक मी.

गुरुवारी मी ताईंकडे गेले. घर खोक्यांनी भरलेलं, बसायला एक स्टूल. मी पुडी दिली, सगळं सांगितलं. त्यांनी पुडीवरचं स्वतःचं अक्षर वाचलं. मग विचारलं, "बटणं घट्ट होती का?"

मी म्हटलं, "हो. अफुआ तिच्या मुलींना शर्ट उसवून दाखवते, बटण असं लावतात म्हणून."

"म्हणजे शिवणारी आहे ती."

"हो ताई."

"मग तिला कळलं असणार, हे शिवणाऱ्या बाईनेच केलंय." त्यांनी पुडी उघडली नाही, नुसती तळहातावर ठेवून बघत राहिल्या. "मालिनी, फाटके-विटके पाठवले असते तर तिचं दुकान चाललं असतं गं. मी नीटनेटके पाठवले." मग जगन्नाथरावांना हाक मारून म्हणाल्या, "अहो, ऐकलंत? पुण्य झालं माझं."

जगन्नाथराव दारात उभे होते. त्यांनी दुसरं स्टूल शोधून आणलं आणि ताईंजवळ बसले.

निघताना मी म्हटलं, "हे मी तुम्ही गेल्यावर मंडळात पुन्हा मांडेन."

"का? माझ्या पाठीमागे?" त्या चिडल्या. तुम्हाला तो आवाज माहीत आहे. "शनिवारी बोल. सगळे असतील. मी समोर बसलेली असेन."

"तुमच्या सत्कारात, ताई?"

"मग ट्रक काय आपल्यासाठी मंगळवारपर्यंत थांबणार आहे?"

तेव्हा मंडळी, कोणाला वाटत असेल की मी या माउलीच्या समारंभाचा विचका केला, तर त्यांनी एकदा व्यासपीठाकडे बघावं. मी मघापासून तिकडे बघायचं टाळते आहे. पण मला माहीत आहे, त्या ताठ बसल्या आहेत.

सत्काराचं भाषण म्हणजे माणसाने काय काय केलं त्याची यादी. उत्तराताईंची यादी मोठी आहे: बाळंतपणं, आजारपणं, विमानतळाच्या फेऱ्या, आमच्या मुलांचे मराठीचे धडे. त्या यादीत मी आज एवढंच घालते, की स्वतःच्या हातून झालेली चूक ज्या दिवशी कळली त्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांनी ती भर सभेत सांगायला लावली. मला तीन आठवडे लागले होते.

आता शेवटचं. ट्रकवाल्याच्या कागदावर मंडळाच्या जबाबदार व्यक्तीची सही लागते. सहा वर्षं ती उत्तराताईंची होती. रविवारी त्याच बैठकीत, ठरावाच्या थोडंसं आधी, हे काम एकमताने माझ्याकडे दिलं गेलं. त्याबद्दल मी आभारी आहे. सोमवारी नऊ वाजता मी इथे दारात असेन आणि मी सही करणार नाही. कार्यकारिणीला दुसरी व्यक्ती नेमायची असेल तर उद्याचा अख्खा रविवार आहे. तो तुमचा हक्क आहे, मी भांडणार नाही. पण नेमलेल्या व्यक्तीने सही करण्याआधी अफुआचं पत्र वाचावं. ते मी बरोबर घेऊन येईन.

प्रत्येक खोक्यावर आपापल्या घराचं नाव आहे. ज्यांना आपलं खोकं परत न्यायचं असेल त्यांना गाडीपर्यंत उचलून द्यायला मी आणि दीपा थांबणार आहोत. आमचं खोकं आम्ही आत येतानाच गाडीत ठेवलं. आपली एवढी खोकी थांबली म्हणजे कुमासीतलं ते दुकान चालेल, असा दावा मी करत नाही. समोरच्या दुकानात दुसरे गठ्ठे येतीलच. पण यंदाच्या डिसेंबरात ते आपल्या हातचे नसतील.

ताई, जगन्नाथराव, प्रवास सुखाचा होवो. कॅरीला पोचलात की फोन करा, कितीही वाजले तरी.

अध्यक्ष महाराजांनी माझा माइक बंद केला नाही, त्यांचे आभार. पाहुण्यांनी आमचं घरचं भांडण निमूटपणे ऐकलं, त्यांचे आभार. तुम्ही सगळे बसून राहिलात, तुमचे तर फारच. बोलण्यात कुठे अधिकउणं झालं असेल, कोणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, आवाज चढला असेल, तर मोठ्या मनाने क्षमा करा.

सोमवारच्या सहीबद्दल मात्र मी क्षमा मागत नाही.

नमस्कार.