आठवड्याला एक पायरी

चप्पल, अक्का. पहिल्यांदा खटकली ती चप्पल. माझी आत्या, मीनाक्षीबाई, याच बाकावर बसलेली, तुम्ही बसलात तिथं — गुडघा शून्य ते दहात किती दुखतो म्हणून मी विचारलं, ती तीन म्हणाली, मी तीन लिहिलं — आणि जाताना दाराशी उभीच राहिली. उलटी पडलेली चप्पल वाकून सुलटी करता येईना तिला. भिंत धरून पायानं ढकलत होती. तीन म्हणणारी बाई. मी पाहिलं, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

नाही, तो दुसऱ्या तुकडीचा संमतीचा कागद भरू नका इतक्यात. सही घेणारी मीच, आणि मीच सांगते. — फोनची रिंग जातेय, ऐकू येतेय नं? सकाळपासून अकराव्यांदा. कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात नंबर आहे बघा, 'तक्रार असल्यास' — चेन्नईची कमिटी, असल्या संशोधनावर नजर ठेवणारी. तक्रार असल्यास म्हणे. उचलणारं कोणी असल्यास, असं लिहायचं की.

तुम्ही पापनाशमहून आलात, घरातली आपली मराठी बोलता, म्हणून सांगते. तमिळमधून मला धड रागावताही येत नाही. संशोधन असं — गुडघेदुखीवर ॲक्युपंक्चर, चाळीस माणसं, आठ आठवडे, अर्ध्यांना खऱ्या सुया, अर्ध्यांना बोथट, टोचल्यासारखं वाटतं पण आत जात नाही. कोणाला कुठली ते त्यांनाही ठाऊक नाही, मलाही नाही. दुखणं सुईनं कमी होतं की कोणी मायेनं हात लावला म्हणून, ते कळावं. विचार चांगलाच आहे, कॉलेजात हेच शिकले मी. पण काल कोणाला कुठली ते लिहिलेले लिफाफे फोडले, सगळे आकडे एका कागदावर उतरवले, तर — सात, सहा, पाच, चार. खऱ्या सुईवाले, बोथटवाले, सगळे. आठवड्याला एक पायरी, महामहम् तळ्यात उतरावं तसं. दुखणं असं उतरतं का? आज बरं, उद्या वाईट, असंच असतं नं ते — अय्यो, कोण — दार आपटलं. वारा. माझं हे असंच, दचकते.

डॉक्टर व्यंकटरमणांना दाखवलं, संशोधन त्यांचंच. म्हणाले, चाळीसही जण सुधारले, गोदा, तू रडतेस कशाला, संध्याकाळी अहवाल पाठवायचाय. सुधारले. परवा आत्या दारात कोलमची रांगोळी काढायला वाकली ती उठलीच नाही. गुडघ्याला काही नाही. खुब्याचं हाड चिरलेलं, महिना झाला असेल, हॉस्पिटलात म्हणाले. खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं म्हणे. महिनाभर ती चिरेवर चालली, आणि मी तीन लिहिलं, मग दोन. नऊ सांगितलं असतं तर त्याच दिवशी एक्स-रे, नियमच आहे तसा. आता खाटेवर पडलीये. विचारलं, खोटं का सांगितलंस, तर म्हणते, "तू विचारत होतीस गं. तुझं पहिलंच काम. वाढणारीनं 'कसं झालंय' विचारलं तर मीठ कमी म्हणायचं का?" अशी आपली माणसं. सुई टोचणाऱ्याचंही मन राखणारी.

हसू नका, तुम्हीही तेच करणार. मी विचारीन, तुम्ही माझ्या तोंडाकडे बघाल, अडखळाल, आणि मग मी म्हणेन — मागच्या वेळी पाच होतं, आता चार लिहू?

हो. तसंच विचारायची मी. सगळ्यांना. बाहेर रांग असायची, त्यांना आकडा सुचायचा नाही, मला वाटायचं मदत करतेय. आत्यानं त्या दिवशी तोंड उघडलं होतं, अक्का, काहीतरी सांगणार होती. मीच म्हटलं, तीन नं?

डॉक्टरांना हे सांगितलं नाही. त्यांच्यावरच ओरडून आले. आणि उरलेल्या एकोणचाळीसांत आणखी कोण चिरेवर चालतंय, कोणाच्या गोळ्या माझ्या आकड्यावर बंद झाल्या — ठेवा तो कागद. घरी जा. आधी चांगल्या हाडाच्या डॉक्टरला —

थांबा. उचलला.

हॅलो. हो, कुंभकोणमहून. तक्रार आहे, आजच्या आज लिहून घ्या. नाव — कोणाचं, करणाऱ्याचं की जिच्याविरुद्ध आहे तिचं? दोन्हीकडे एकच लिहा. गोदा.