आत्तींच्या ताटातली सोयावडी

"तुझ्या आत्तींकडं जरा बघ गं, पायरी चढताना भिंत धरत्यात त्या." शेजारच्या गिरिजाकाकी मला म्हणाल्या. आणि मंडळी, मी काय उत्तर दिलं? "वय झालं, काकी!"

वय किती? अठ्ठावन्न! अठ्ठावन्न म्हणजे वय झालं? पुढच्या रांगेतल्या बायका बघा कशा डोळे वटारतायत माझ्यावर! वटारा, वटारा — चुकले मी.

तर ऐका, मंडळी. आख्यान पुराणातलं नाही, माझ्याच स्वयंपाकघरातलं आहे. पण प्रश्न मोठा आहे हो! देवाला दिलेला शब्द पाळताना घरातलं एक माणूस वाळत चाललं, तर दोष कुणाचा? देवाचा? शब्द देणाऱ्याचा? की त्याच ओट्यावर भाकऱ्या थापणाऱ्याचा?

माझ्या सासूबाई अनुसयाबाई, त्यांना मी आत्ती म्हणते. आमचं घर कोल्हापूरकडचं. रविवारी मटण शिजलं नाही तर शेजारी विचारायला येणार — कुणी आजारी आहे का? अशा घरात गेल्या वर्षी माझी ईश्वरी, तीन वर्षांची पोर, न्यूमोनियानं आठ दिवस दवाखान्यात. मी सलाईनच्या नळीकडं बघत बसलेली, आणि आत्तींनी देवाला हात जोडले, "पोर घरी येऊ दे, मी माळ घालते."

पोर घरी आली. आत्तींच्या गळ्यात तुळशीची माळ आली. आणि मटणाचं पातेलं माळ्यावर गेलं!

आता आमचे हे! रविवार उजाडला की चेहरा असा, जसं घरात सुतक! मग मी शिकलेली सून — बी.एस्सी. हो! — सोयाबीनच्या वड्या आणल्या. पाकिटावर वाचलं, शंभर ग्रॅममध्ये पन्नास ग्रॅम प्रथिनं. वा! गरम पाण्यात भिजवल्या, घट्ट पिळल्या. न पिळता टाकली तर वडी रबरासारखी लागते — हसताय? म्हणजे तुम्हीही खाल्लीय! मग कांदा-खोबरं भाजलं, लवंग, दगडफूल, वर तांबडी तर्री. ह्यांनी घास घेतला नि डोळेच मिटले. मी गावभर सांगत सुटले, "आमच्याकडं सोयाबीन म्हणजे हुबेहूब मटण!"

पुढं? पोरीचं वजन मी दर महिन्याला वहीत लिहायची. शिंकली तरी काळजात धस्स! पण आत्ती? त्या सगळ्यांना वाढून मागनं जेवायच्या. मागनं जेवणाऱ्या बाईचं ताट कोण बघतं, मंडळी?

एका सकाळी अंगणात ईश्वरीला कडेवर घेऊन उभ्या होत्या. गुडघेच वाकले! पडता पडता पोर छातीशी घट्ट धरली, नि स्वतःचं कोपर फोडून घेतलं. पोरीला वाटलं खेळ! "आजी, परत! परत!"

डॉक्टरांनी रक्त तपासलं. रक्त कमी, प्रथिनं कमी, बी-बारा तर तळाला. त्यांनी विचारलं, "सोयाबीन, डाळी खाता ना?"

मी झटकन म्हणाले, "खातात की! दर रविवारी —"

"ताई, मी त्यांना विचारलं."

आत्ती पदराशी चाळा करत म्हणाल्या, "न्हाई खात."

"मग तुमचा वाटा जातो कुठं?"

"हिच्या नवऱ्याच्या ताटात. रविवारी खुशीत असतोय त्यो."

"अहो आत्ती, पण ते मटण नाही! ते —"

"ठावं हाय गं! खुळी समजतीस व्हय मला? वीस वरसं रानात सोयाबीन मीच कापलंय. पर तोंडात घातलं की जीभ म्हनतीया, मटण! देव इचारंल, अनुसये, बोललीस काय नि चघळतीस काय? आनि मग माझ्या पोरीला काय झालं तर?"

रविवारी वडी नको, एरवी डाळ-भाजी आमच्यातच संपलेली; मागं उरायचं काय? भाकरी आणि ठेचा! आठ महिने त्या भाकरी-ठेच्यावर होत्या, माझ्या लेकीसाठी! आणि त्या वडीला मटण कुणी केलं होतं? सोयाबीननं? नाही हो. माझ्या मसाल्यानं, आणि माझ्या फुशारकीनं!

डॉक्टर म्हणाले, "सोयावडी चांगलीच आहे. मूठभर, आठवड्यातून तीन-चारदा. पण सगळं तिच्यावर सोडू नका. डाळ, उसळ, शेंगदाणे, पालेभाजी, दूध-दही हवंच. आणि बी-बारा त्या वडीत नसतं, त्याची इंजेक्शनं मी देतो."

घरी आल्यावर मसाल्याचा डबा मी मागं सारला. म्हटलं, "आत्ती, आज तुम्ही सांगाल तसं."

"वड्या पिळून पाट्यावर भरड वाट. मेथीत घाल. लसूण नि दाण्याचं कूट, बास."

भाजी झाली. पहिल्यांदा आम्ही दोघी समोरासमोर बसलो. आत्तींचा एक हात माळेवर. घास उचलला, थांबल्या, देवाकडं बघितलं... आणि तोंडात घातला.

"आत्ती? काय म्हणते जीभ?"

"मेथी म्हनतीया." मग हळूच, "आनि सुनंनं मीठ जास्त टाकलंय, असंबी म्हनतीया!"

मंडळी, असा टोमणा मला कधी इतका गोड लागला नव्हता! तीन महिन्यांत रक्त वाढलं. ह्यांची तर्रीतली सोयावडी महिन्यातून एकदा, वेगळ्या पातेल्यात. माळ गळ्यातच आहे, शब्द शाबूत आहे, आणि शब्द देणारी सध्या ईश्वरीच्या मागं अंगणभर पळतेय.

देव कुणाला वाळवत नाही, मंडळी. माणूस वाळतं ते आपण न बघितल्यानं. आता मान डोलावताय, पण तुमच्या घरात शेवटी कोण जेवतं? आई? थोरली जाऊ? एकटेच जेवणारे काका? आज घरी गेल्यावर "जेवलीस का?" एवढंच विचारू नका. त्याचं उत्तर ठरलेलं असतं, "हो." ताट वाढा. शेजारी बसा. ताटात काय नाही ते बघा. आणि कुणी काही सोडलं असेल तर रागावू नका, मायेनं एवढंच विचारा — "कुणासाठी सोडलंस गं?"