सुटलेला मासा केवढा होता

खांद्याच्या डॉक्टरांकडे माझा नंबर शेवटचा होता. समोरच्या बाकावर आजी, आजोबा आणि त्यांची नात.

“कालच्या होडीचं डॉक्टरांपुढे काढू नका हं. डावा हात तीन महिने खांद्याच्या वर जात नाही, आणि हे निघाले समुद्रात मासे धरायला!”

“अगं, गळ उजव्या हातात होता. होडी मुलानं चालवली, आमिष सूनबाईनं लावलं. मी नुसती चैन केली.”

“चैन! दिवसभर उन्हात भाजून निघालो आणि मिळालं काय, तर करंगळीएवढे दोन मासे.”

“आजी, आजोबांच्या गळाला मोठा लागला होता!”

“लागला होता ना! पण तुझ्या आजीनं जाळी उलटी धरली, आणि गेला हातावर तुरी देऊन.”

“आता माझ्यावर ढकला! वीतभर तर होता.”

“वीतभर?”

“बरं, दोन वीत. सुटलेला मासा घरी येईपर्यंत वाढतोच.”

“अगं, पाण्यातून उभाच्या उभा उसळला! शेपटी ही इथे, माझ्या गुडघ्याशी, आणि तोंड पार इथे, वर!”

“अहो...”

“अहो काय? बोटभरही कमी करणार नाही!”

“अहो, तुमचा डावा हात बघा कुठे गेलाय.”

“अरेच्चा!”

“आजोबा, दुखतंय?”

“दुखतंय की! खाली घेऊ का गं?”

“मुळीच नाही. आत जाईपर्यंत तस्साच धरा. तेवढाच होता मासा. मी होते ना तिथे!”