आधारवाला नंबर

जरीपटक्यातल्या शोरूममध्ये शिलाई मशीनपाशी दोन बायका बसल्या होत्या, समोर शोरूमचा पोरगा त्यांचा अर्ज भरत होता. माझ्या फ्रिजचं बिल होईपर्यंत त्यांचं बोलणं कानावर पडत होतं.

“ताई, तुमच्या हप्त्याच्या कार्डाचा अर्ज गेला. आता आधारवाल्या नंबरवर ओटीपी येईन, तो सांगा मले.”

“आला काय वं, काजल?”

“नाही ना. हर्षा, आधार काढलं तवा साऱ्या घरासाठी यायचाच नंबर देल्ला होता.”

“म्हणजे तुह्या नवऱ्याच्या फोनवर गेला? अन् तू तं त्यायले सांगतलंच नाही!”

“मागच्या खेपेला मशीनचं नुसतं नाव काढलं तं काय झालं, माहीत आहे ना तुले?”

“मंग राहू दे ते कार्ड. ऊठ, चाल.”

“थांब. त्यायचाच फोन येऊन राहिला.”

“नको उचलू वं.”

“नाही उचलला तं अजून भडकतीन. हॅलो... हो... हो, मीच भरला. सांगा... हो, येतो.”

“काय म्हणे?”

“ओटीपी सांगतला. एकेक आकडा, हळूहळू. हा घ्या भाऊ, टाका.”

“काहून पाहिजे, कायचं कार्ड, काहीच नाही विचारलं?”

“काहीच नाही. लवकर घरी ये म्हणे.”

“मंग बरंच झालं की!”

“ते ओरडतात ना, तवा मले इतकं भेव नाही वाटत, हर्षा.”

“मुबारक हो, ताई! कार्ड अप्रूव्ह झालं. मशीन घरपोच येईन. पत्ता आधारवरचाच टाकू ना?”

“नाही भाऊ. माह्या आईचा टाका, नरखेडचा. अन् हर्षा, मले बी तिकडच्याच एसटीत बसवून दे.”