सासऱ्यांनी तापवलेली हायब्रिड

...आणि वर आमचे हे मलाच विचारतात, "विनार, तू एवढी चिडतेस कशाला?" चिडू नको तर काय त्या गाडीचा मुका घेऊ? शी! नुसतं नाव काढलं तरी डोकं उठतं माझं. तुम्हाला सांगते, ईदला गावी जायला अख्खं जकार्ता गाड्या भाड्यानं घेतं, आम्हीही दरवर्षी घेतो, खडखडणारी, खोकणारी, पण पोचवणारी! यंदा मात्र आमच्या ह्यांच्या, प्रमुद्यांच्या, अंगात आलं. ऑफिसात कुणीतरी दोन तास भाषण झोडलं आणि हे घरी आले ते साऱ्या नद्या-जंगलांचे पालक होऊनच. "यंदा हायब्रिड घ्यायची. निम्मी विजेवर, निम्मी पेट्रोलवर. धूर कमी. निसर्गाला त्रास नको." निसर्गाला त्रास नको, म्हणे! रोज ओला टॉवेल गादीवर टाकतात, तो त्रास कुणाला होतो?

आणि ती गाड्या भाड्यानं देणाऱ्या दुकानातली बाई... काय तो आवाज, साखरेच्या पाकातून काढलेला! "इब्बूऽ, बाईसाहेबऽ, ही इतकी शांत आहे ना, की चालू आहे हेच कळत नाहीऽ!" अगं बाई, चालू आहे ते कळायला नको? चहाच्या किटलीलासुद्धा शिट्टी असते!

आता मला पोचायचं कुठं होतं ते ऐका. सासर वोनोगिरीजवळ, तिथं मुक्काम. माहेर डोंगरापलीकडे, पाचितानला, दोन तासांवर. आणि माहेरी माझी आई तीन वर्षं माझ्याशी बोलत नव्हती. बाबा गेले, आमच्या रिवाजाप्रमाणे त्यांच्या हजाराव्या दिवसाचं जेवण होतं, मला रजा मिळाली नाही, मी गेले नाही... झालं! फोन उचलणंच बंद. यंदा बहिणीकडून निरोप आला, "ईदच्या दिवशी दुपारची बांग व्हायच्या आत येऊन माझ्या गुडघ्यावर डोकं टेकलंस तर माफ. नाहीतर पुन्हा येऊच नको." आई बोलली म्हणजे बोलली हो.

तर ईदची पहाट. माझे सासरे मार्तोनो, गाव त्यांना मानानं 'पाक मार्तोनो' म्हणतं, चाळीस वर्षं गाडी चालवलेला माणूस. रोज सकाळी अर्धा तास इंजिन तापवल्याशिवाय गाडी जागची हलवायची नाही, हा त्यांचा नेम. पोरगा जकार्ताहून गाडी हाकून दमून झोपलाय, सुनेला लांब जायचंय, म्हणून बिचारे चारला उठले, खिळ्यावरची किल्ली घेतली, आत बसले, बटण दाबलं. आवाज नाही! परत दाबलं. दिवे लागले, पंखा फिरला, रेडिओ गायला लागला... इंजिन गप्प. ब्रेकवर पाय ठेवून दाबायचं असतं, पण हे त्यांना सांगितलंय कुणी? "शांत गाडी आहे म्हणाला होता पोरगा. तापत असेल आतल्या आत." असं म्हणून दिवे, पंखा, रेडिओ सगळं तसंच ठेवून हे गेले बकऱ्यांना चारा घालायला! मग आंघोळ, मग नमाज... आम्हीही गेलो सगळे. आठला परत येऊन बघतो तर गाडी ठार मेलेली. एक दिवा लागेल तर शपथ! आणि सासरे कौतुकानं म्हणतात, "खरंच गं, काही म्हणता काही आवाज नाही हिला."

दुकानाला फोन लावला. काय ऐकू यावं? टेपवर भरून ठेवलेला तोच पाकातला आवाज! "ईद मुबारक होऽ! आमच्याकडून कळत-नकळत काही चूक झाली असल्यास मनापासून क्षमा असावीऽ! आमचं कार्यालय सोमवारी उघडेलऽ!" गाडीत बिघाड आमच्या, आणि क्षमा मागून ही मोकळी! निसर्गाला त्रास नको, म्हणे!

तोवर बातमी गावभर. ढकलायला चौदा माणसं आली, सगळी नव्या कोऱ्या बाटिकच्या शर्टात. पण ईदला माणसं जमली की आधी काय? "चुकलं-माकलं माफ करा हं, पाक." "छे छे, तुम्हीच मला माफ करा." प्रत्येकानं बाकीच्या तेरा जणांचे हात धरून माफी मागितली! माझा जीव घड्याळात अडकलेला, आणि इथं कुणाची माफी राहिली तर नाही ना, याची मोजदाद! मग लावला जोर, एक, दोन, तीन! तसूभर हलली नाही हो. हिची वीज गेली की चाकंही जाम. शेजारचे पाक तुगिमिन म्हणाले, "माझ्या ट्रकची वायर जोडून झटका देऊ." तर आमचे हे बॉनेटवर आडवे! "हात लावायचा नाही! करारात लिहिलंय!"

"मग करारच नेसून बसा इथं," म्हटलं, "मी निघाले!"

तुगिमिन पाचितानलाच निघाले होते सासुरवाडीला, त्यांच्या कोंबड्यांच्या ट्रकमधून. चढले मागं, सणासाठी शिवलेल्या नव्या रेशमी कबायात! हेही आले तोंडाला रुमाल बांधून. आणि तो ट्रक... अरे देवा! दर चढाला हा काळाकुट्ट धूर, सगळा आमच्याच तोंडावर. "विनार, हा धूर फुप्फुसांना..." "एक शब्द पुढं बोललात तर घाटात ढकलून देईन!" घाणीचा भपकारा, उकाडा, त्यात एका कोंबडीनं माझ्या मांडीवर... जाऊ दे. सणासुदीला सांगण्यासारखं नाही.

पोचले तेव्हा बांगेला पाच मिनिटं होती. तोंड काळं, केसांत पिसं. आई खुर्चीत ताठ बसलेली. गेले, खाली बसले, तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं... तिचा हात काही माझ्या डोक्यावर येईना. मला वाटलं, संपलं. मग तिनं वाकून माझ्या केसांचा वास घेतला.

"डिझेल," म्हणाली. "तुझे बाबा वाळूचा ट्रक लावून घरात यायचे ना, तेव्हा अंगाला असाच वास यायचा." आणि मला जे घट्ट धरलं, ते सोडेचना. ती रडतेय, मी रडतेय, माझ्या तोंडावरची काजळी तिच्या नव्या कपड्यांना... मग डोळे पुसत म्हणते, "चकचकीत गाडीतून मिरवत आली असतीस, तर दारातूनच परत पाठवणार होते तुला."

आता बोला!

आणि आमचे हे? परतताना म्हणतात, "बघ, हायब्रिडमुळेच जमलं सगळं!" एवढ्यावर थांबले नाहीत, पुढच्या ईदसाठीही तीच गाडी सांगून ठेवलीय. निसर्गाला त्रास नको, म्हणे! ठेवू दे. बंद पाडायला सासरे आहेतच.